लिनक्स सर्व्हरवरील फायरवॉल आणि संकेतस्थळ-प्रवेशाच्या अडचणींचे निदान : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८१ ते २०१९)

१. प्रास्ताविक

संगणक-जाळ्यांच्या इतिहासात शोध, संशोधक आणि संस्था यांची नोंद आवर्जून घेतली जाते. जाळे अडले असता ते कोठे अडले हे माणसांनी कसे शोधून काढले, या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रत्यक्षात सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा बराचसा वेळ याच कामात जातो. संकेतस्थळ सर्व्हरवर सुरू आहे, सर्व्हरसमोर बसलेल्यास ते दिसते आहे, परंतु बाहेरच्या वाचकास ते उघडत नाही, ही अडचण लिनक्स सर्व्हर चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेस केव्हा ना केव्हा येते. अशा वेळी पहिला संशय फायरवॉलवर घेतला जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो.

फायरवॉल म्हणजे जाळ्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची, म्हणजेच पॅकेटांची, नियमांनुसार छाननी करणारी व्यवस्था होय. हा शब्द बांधकामशास्त्रातून आला असून आग एका भागातून दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधलेली भिंत असा त्याचा मूळ अर्थ आहे. या भिंतीने संरक्षण दिले हे निर्विवाद आहे. परंतु तिने जाळ्याची उत्तर देण्याची जुनी सवय मोडली आणि दोषनिदान अवघड केले, हा या अभ्यासाचा मुख्य मुद्दा आहे. ज्या संरक्षणाची तपासणी करता येत नाही, ते अडचणीच्या वेळी सर्वप्रथम काढून टाकले जाते. म्हणून निदानाचा प्रश्न हा सुरक्षिततेचाच प्रश्न ठरतो.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) इंटरनेटच्या मूळ संकल्पनेत नकार कळविण्याची कोणती व्यवस्था होती ते पाहणे.
२) लिनक्समधील फायरवॉलच्या निरनिराळ्या पिढ्यांचा दोषनिदानाच्या दृष्टीने आढावा घेणे.
३) या इतिहासातून निदानाच्या पद्धतीविषयी काही निष्कर्ष काढणे.

अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे. इंटरनेटचे प्रमाणलेख, म्हणजे ‘आरएफसी’ या नावाने क्रमवार प्रसिद्ध होणारे लेख, आणि लिनक्सचे सार्वजनिक दस्तऐवजीकरण यांच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

२. उत्तर देणारे जाळे : १९८१ ते १९८८

सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१, ७९२ आणि ७९३ हे तीन प्रमाणलेख प्रसिद्ध झाले. त्यांनी अनुक्रमे आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी या तीन नियमसंचांची व्याख्या केली. या लेखांतील एक समान सूत्र येथे महत्त्वाचे आहे. टीसीपीच्या नियमानुसार, ज्या पोर्टवर कोणतीही सेवा चालू नाही तेथे जोडणीची मागणी आल्यास संगणकाने ‘रिसेट’चे पॅकेट पाठवून तसे कळवावयाचे असते. आयसीएमपीचे तर मुख्य कामच अडचण कळविणे हे आहे. मुक्कामी पोहोचता येत नाही, पॅकेट वाटेपेक्षा मोठे आहे, ठरलेली आयुर्मर्यादा संपली, अशा प्रकारचे संदेश त्यात आहेत. म्हणजेच नकार द्यावयाचा असला तरी तो उच्चारून द्यावा, असा या जाळ्याचा शिष्टाचार होता.

निदानाची पहिली साधने याच शिष्टाचारावर उभी राहिली. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये जाळ्यातील एका बिघाडाचा शोध घेण्यासाठी ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. आयसीएमपीची हाक द्यावी आणि प्रतिसादाची वाट पाहावी, एवढेच त्याचे काम आहे. दशकाच्या उत्तरार्धात व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ लिहिले. पॅकेटची आयुर्मर्यादा मुद्दाम कमी ठेवावयाची आणि वाटेतील प्रत्येक राउटरकडून तक्रार यावी अशी व्यवस्था करावयाची, ही त्यामागील युक्ती होती. त्याच सुमारास लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी ‘टीसीपीडम्प’ तयार केले. त्यामुळे तारेवरून प्रत्यक्ष काय जात-येत आहे ते वाचता येऊ लागले. यांपैकी पहिली दोन साधने समोरचा उत्तर देईल या गृहीतावर अवलंबून आहेत, तिसरे मात्र तसे नाही. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

३. भिंतीची उभारणी : १९८८ ते १९९४

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला आणि सुमारे ६००० संगणक बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला. परस्परविश्वासावर चालणाऱ्या जाळ्यास बसलेला हा मोठा धक्का होता. १९८९ मध्ये जेफ्री मोगल यांनी युनिक्स संगणकाचा प्रवेशद्वार म्हणून उपयोग करून पॅकेटांची छाननी कशी करता येईल यावर निबंध सादर केला. १९९० मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील बिल चेसविक यांनी आपल्या संस्थेच्या सुरक्षित प्रवेशद्वाराची रचना प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये चेसविक आणि स्टीव्हन बेलोव्हिन यांचे फायरवॉलवरील पुस्तक आले आणि हा विषय अभ्यासशाखेच्या पातळीवर स्थिरावला.

या काळात दोन धोरणे समोरासमोर होती. जे स्पष्टपणे वर्ज्य केलेले नाही ते चालू द्यावे, हे पहिले आणि जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते वर्ज्य समजावे, हे दुसरे. सुरक्षिततेच्या दृष्टीने दुसरे धोरण श्रेष्ठ ठरले व ते योग्यही होते. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, नव्याने सुरू केलेली प्रत्येक सेवा आरंभी बंदच असते. ती उघडण्याचे विसरले तर सेवा चालू असूनही नसल्यासारखी होते.

या धोक्याची जाणीव प्रारंभापासून होती, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ मध्ये पॅकेट-छाननीच्या मर्यादांवर सादर केलेल्या निबंधात नियम लिहिणे अवघड आहे, लिहिलेले नियम तपासून पाहण्याची सोय अपुरी आहे आणि काही उपकरणे नियमांचा क्रम परस्पर बदलतात, असे आक्षेप नोंदविले होते. पुढील पंचवीस वर्षांतील बहुतेक तक्रारींचे मूळ या तीन आक्षेपांत सापडते.

४. लिनक्समधील चार पिढ्या आणि त्यानंतर

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सच्या कर्नलमध्ये पॅकेट-छाननीची सोय १.१ या मालिकेपासून आली. १९९४ च्या अखेरीस अॅलन कॉक्स यांनी बीएसडी प्रणालीतील ‘आयपीएफडब्ल्यू’ लिनक्सवर आणले. ही पहिली पिढी होय. योस व्होस व इतरांनी तिच्यात सुधारणा केल्या आणि १९९६ च्या २.० या कर्नलबरोबर ‘आयपीएफडब्ल्यूअॅडम’ हे साधन प्रचारात आले. या दुसऱ्या पिढीत टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपी यांपलीकडील नियमसंचांसाठी नियम लिहिता येत नसत. तसेच नियमावलीत मोठा बदल एका झटक्यात करता येत नसे.

१९९८ च्या मध्यास रस्टी रसेल यांनी मायकेल न्यूलिंग यांच्या साहाय्याने कर्नलमधील या भागाची पुनर्रचना केली आणि ‘आयपीचेन्स’ हे साधन दिले. जानेवारी १९९९ च्या २.२ या कर्नलबरोबर ते सर्वत्र पोहोचले. नियमांच्या साखळ्या वापरकर्त्यास स्वतः निर्माण करता येऊ लागल्या. परंतु दुसऱ्या संगणकाकडे जावयाचे पॅकेट या रचनेत आत येण्याची, पुढे पाठविण्याची आणि बाहेर जाण्याची अशा तिन्ही साखळ्यांतून जात असे. त्यामुळे ते नेमके कोठे अडले हे कळण्यास तिन्ही नियमावल्या वाचाव्या लागत. शिवाय प्रत्येक पॅकेटचा विचार सुटा होत असल्याने सर्व्हरने स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणि बाहेरून आलेली आगंतुक मागणी यांत भेद करणे कठीण जाई. परिणामी वरच्या क्रमांकांच्या पोर्टांचा मोठा पट्टा उघडा ठेवावा लागे.

१९९९ च्या मध्यास रसेल यांनी चौथ्या पिढीचे काम हाती घेतले. ‘नेटफिल्टर’ ही कर्नलमधील चौकट आणि ‘आयपीटेबल्स’ हे साधन जानेवारी २००१ च्या २.४ या कर्नलबरोबर प्रसिद्ध झाले. आता प्रत्येक पॅकेट छाननीच्या तीन साखळ्यांपैकी एकाच साखळीतून जाऊ लागले आणि चालू जोडण्यांची नोंद ठेवण्याची सोय झाली. आधीच मान्य झालेल्या जोडणीचे पॅकेट ओळखता येऊ लागल्याने वेबसर्व्हरसाठी ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट उघडणे पुरेसे झाले.

या प्रगतीत एक सोय हरवली. आयपीचेन्समध्ये नमुन्याचे पॅकेट वर्णन करून विद्यमान नियमांनुसार त्याचे काय होईल हे विचारण्याची आज्ञा होती. आयपीटेबल्समध्ये ती सुरुवातीस अस्तित्वातच नव्हती. पुढे त्याच अक्षराची आज्ञा आली, पण ती विशिष्ट नियम नियमावलीत आहे की नाही एवढेच सांगते. एखाद्या पॅकेटचा निर्णय त्याआधीच्या जोडणीवर अवलंबून राहू लागल्यावर सुट्या नमुन्याची चाचणी अपुरी पडणार, हे यामागील कारण असावे. कालांतराने पॅकेटचा माग नियमानियमांतून नोंदविणारी ‘ट्रेस’ ही सोय आली आणि ही उणीव काही अंशी भरून निघाली.

आयपीटेबल्सच्या काळातील सर्वांत परिचित अडचण मात्र साधी आहे. नियम वरून खाली वाचले जातात आणि निर्णय देणारा पहिला नियम लागू पडताच शोध थांबतो. रेड हॅटच्या त्या काळातील आवृत्त्यांत तयार नियमावलीच्या शेवटी सर्व काही नाकारणारा नियम असे. पोर्ट ८० उघडणारा नवा नियम नेहमीच्या आज्ञेने जोडला की तो या अखेरच्या नियमाच्याही खाली जाऊन बसे. यादीत नियम दिसतो, तरीही संकेतस्थळ उघडत नाही, या कोड्याचे उत्तर नियमाच्या मजकुरात नसून त्याच्या स्थानात असे. चॅपमन यांनी क्रमाविषयी व्यक्त केलेली चिंता येथे वेगळ्या रूपात प्रत्ययास येते.

पॅट्रिक मॅकहार्डी यांनी २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले ‘एनएफटेबल्स’ पाब्लो नेइरा अयुसो व इतरांच्या प्रयत्नांनी जानेवारी २०१४ च्या ३.१३ या कर्नलमध्ये समाविष्ट झाले. २०१९ मध्ये डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ यांनी ते मूलभूत यंत्रणा म्हणून स्वीकारले. आयपीटेबल्सच्या जुन्या आज्ञा चालू राहिल्या, पण डेबियनसारख्या प्रणालीत त्यांची जुनी आणि नवी अशी दोन रूपे एकाच वेळी नांदू लागली. एका रूपातील नियमांची यादी पाहणाऱ्यास दुसऱ्या रूपातील नियम दिसत नाहीत, मात्र ते लागू असतातच.

५. मौनाची किंमत : दोन उदाहरणे

मागणी नाकारताना फायरवॉलपुढे दोन मार्ग असतात. नकार कळवून पॅकेट परत करणे हा ‘रिजेक्ट’ आणि काहीही न कळविता ते टाकून देणे हा ‘ड्रॉप’. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मौनाचा मार्ग लोकप्रिय झाला आणि त्यास सबळ कारणे होती. सप्टेंबर १९९७ मध्ये गॉर्डन लायन यांनी ‘एनमॅप’ हे पोर्ट तपासणारे साधन प्रसिद्ध केले. उत्तर देणारा संगणक त्यास चटकन सापडे. १९९८ च्या सुमारास आयसीएमपीचा दुरुपयोग करणारे ‘स्मर्फ’ हल्ले गाजले. परिणामतः अनेकांनी आयसीएमपी सरसकट बंद केले. या मौनाचे परिणाम पुढील दोन उदाहरणांतून स्पष्ट होतात.

पहिले उदाहरण पॅकेटच्या आकाराचे आहे. आरएफसी ११९१ नुसार (नोव्हेंबर १९९०) पाठविणारा संगणक मोठे पॅकेट पाठवून पाहतो. वाटेत ते मावत नसल्यास तेथील राउटर आयसीएमपीद्वारे तसे कळवितो आणि पाठविणारा आकार कमी करतो. इथरनेटवर पॅकेटची मर्यादा १५०० बाइटांची असते, तर टेलिफोनच्या तारेवरील ब्रॉडबँडमध्ये वापरल्या जाणाऱ्या पीपीपीओई पद्धतीत ती १४९२ पर्यंत खाली येते. भारतातील एडीएसएल जोडण्यांतही ही पद्धत प्रचलित होती. सर्व्हरसमोरील फायरवॉलने आयसीएमपी अडविले असल्यास आकार कमी करण्याची सूचना सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. मग जोडणी होते, लहान पाने उघडतात, पिंगलाही उत्तर येऊ शकते, परंतु मोठे पान अर्ध्यावर थांबते. आरएफसी २९२३ ने (सप्टेंबर २०००) या दोषाची रीतसर नोंद घेतली. लिनक्समध्ये जोडणीच्या आरंभीच आकाराची मर्यादा कमी करून घेणारा खास नियम आयपीटेबल्समध्ये समाविष्ट करण्यात आला. एका फायरवॉलच्या मौनावर उपाय म्हणून दुसऱ्या फायरवॉलमध्ये नियम लिहावा लागला, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण ‘ईसीएन’चे आहे. जाळ्यात कोंडी झाल्यास पॅकेट टाकून देण्याऐवजी त्यावर खूण करावी, अशी ही योजना आरएफसी ३१६८ ने (सप्टेंबर २००१) प्रमाणित केली. त्यासाठी टीसीपीच्या शीर्षभागातील, पूर्वी राखीव असलेल्या दोन बिटांचा उपयोग करण्यात आला. लिनक्स २.४ मध्ये ही सोय उपलब्ध झाली. ती सुरू केलेल्या संगणकांवरून काही संकेतस्थळे अकस्मात उघडेनाशी झाली, कारण राखीव बिट वापरलेले पॅकेट संशयास्पद समजून काही फायरवॉल ते टाकून देत किंवा त्यास रिसेटचे उत्तर देत. येथे वाचकाच्या संगणकात दोष नव्हता आणि वेबसर्व्हरातही नव्हता. दोष मधल्या भिंतीत होता. सॅली फ्लॉइड यांनी आरएफसी ३३६० मध्ये (ऑगस्ट २००२) अशा अनुचित रिसेटवर टीका केली. प्रमाणानुसार चालणारा व्यवहार फायरवॉल आल्यामुळे अनपेक्षितपणे बिघडू नये, हे तत्त्व आरएफसी २९७९ ने ऑक्टोबर २००० मध्येच मांडले होते. ते पाळले गेले नाही, त्यामुळे जाळ्यातील एका चांगल्या सुधारणेचा प्रसार दीर्घकाळ रखडला.

६. भिंतीमागील भिंती

२००० नंतर एकाच सर्व्हरवर संरक्षणाचे अनेक थर आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये खुले केलेले ‘एसईलिनक्स’ २.६ या कर्नलमध्ये समाविष्ट झाले आणि २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ पासून मूळ मांडणीतच चालू राहू लागले. एखादी फाइल घरच्या डिरेक्टरीतून वेबसर्व्हरच्या डिरेक्टरीत हलविली तर तिचे जुने सुरक्षा-लेबल तिच्यासोबतच जाते. मग फाइलच्या नेहमीच्या परवानग्या योग्य असूनही अपाची सर्व्हरला ती वाचता येत नाही. पोर्ट उघडा आहे, सेवा चालू आहे, तरीही वाचकास मज्जावाचा संदेश मिळतो. फायरवॉलमध्ये कितीही शोध घेतला तरी या दोषाचे कारण तेथे सापडणार नाही.

नियम लिहिणे सुलभ व्हावे म्हणून उबुंटू ८.०४ मध्ये (२००८) ‘यूएफडब्ल्यू’ आणि फेडोरा १८ मध्ये (२०१३) ‘फायरवॉलडी’ ही साधने आली. फायरवॉलडीने चालू नियम आणि कायम नियम असा भेद केला. त्यामुळे केवळ चालू नियम बदलल्यास सर्व्हर पुन्हा सुरू होताच संकेतस्थळ बंद पडते. आयपीव्ही६ साठी आयपीटेबल्सची स्वतंत्र नियमावली असल्याने एका पत्त्यावर उघडणारे संकेतस्थळ दुसऱ्या पत्त्यावर अडते. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने उलट प्रकारचा प्रश्न निर्माण केला. त्याच्या मूळ मांडणीत बाहेर उपलब्ध केलेल्या पोर्टांसाठी ते स्वतःचे नियम घालते आणि ती पॅकेटे यूएफडब्ल्यूच्या नेहमीच्या नियमांपाशी येतच नाहीत. बंद समजलेला पोर्ट प्रत्यक्षात उघडा राहतो आणि कोणीही तक्रार करीत नसल्याने हा दोष अधिक घातक ठरतो.

७. निदानाची पद्धत

वरील इतिहासातून निदानाचा एक क्रम हाती येतो. प्रथम अपयशाचे स्वरूप पाहावे. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर पॅकेट बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचले असून त्या पोर्टवर सेवाच चालू नाही, किंवा ती केवळ स्थानिक पत्त्यावर ऐकते आहे. मुक्कामाचा मार्गच नाही असा संदेश आल्यास तो शब्दशः घेऊ नये. रेड हॅटच्या मूळ नियमावलीतील नकार आयसीएमपीच्या ज्या प्रकाराने कळविला जातो, त्याचे भाषांतर वाचकाचा लिनक्स संगणक असेच करतो. बराच वेळ वाट पाहून काहीच उत्तर न आल्यास मौन पाळणारी भिंत, चुकीचा पत्ता किंवा बंद यंत्र यांपैकी काहीही असू शकते आणि बाहेरून त्यांत भेद करता येत नाही.

म्हणून यानंतर पॅकेटच्या मार्गाने आत जावे. सर्व्हरवर टीसीपीडम्प लावून मागणी येते आहे की नाही ते पाहावे. लिनक्समध्ये हे साधन येणारे पॅकेट नेटफिल्टरच्या आधी टिपते, त्यामुळे पॅकेट दिसले पण उत्तर गेले नाही तर कारण त्याच यंत्रावर शोधावयाचे असते. पॅकेट दिसलेच नाही तर बाहेरच्या भिंतीकडे वळावे. नंतर प्रत्येक नियमापुढील पॅकेट-गणक पाहावा. ज्या नियमाचा आकडा प्रत्येक प्रयत्नाबरोबर वाढतो, तो नियम निर्णय घेत असतो. जोडण्यांची नोंदवही भरल्याचा संदेश कर्नलच्या नोंदींत आहे काय, हेही पाहणे आवश्यक असते, कारण गर्दीच्या वेळी नियम बिनचूक असूनही नव्या वाचकांची पॅकेटे टाकली जातात. एसईलिनक्सच्या नोंदी अखेरीस तपासाव्यात.

व्यवहारात पुष्कळदा याउलट घडते. सर्व नियम पुसून पाहणे आणि एसईलिनक्स बंद करणे हा पहिला उपाय होतो. साखळीचे मूळ धोरण नाकारण्याचे असेल, तर नियम पुसताच दूरवरून काम करणाऱ्याचा स्वतःचाही प्रवेश बंद होतो. ते स्वीकारण्याचे असेल, तर संकेतस्थळ उघडते, काम झाले असे वाटते आणि भिंत मात्र कायमची पडून राहते.

८. निष्कर्ष

१) इंटरनेटच्या मूळ रचनेत नकार कळविणे हे कर्तव्य होते. फायरवॉलच्या प्रसाराबरोबर मौन हे धोरण बनले आणि उत्तरावर विसंबणारी निदानाची साधने दुबळी झाली.
२) लिनक्स फायरवॉलच्या प्रत्येक पिढीने मागील पिढीच्या उणिवा दूर केल्या. तथापि प्रत्येक पिढीने निदानाचा एक नवा थरही निर्माण केला.
३) नियमांचा क्रम, चाचणीची अपुरी सोय आणि नियमलेखनाची अवघडता हे १९९२ चे तीन आक्षेप रूप बदलून टिकून राहिले आहेत.
४) आयसीएमपी सरसकट बंद करणे संरक्षणाच्या दृष्टीने अल्प लाभाचे आणि संकेतस्थळाच्या उपलब्धतेच्या दृष्टीने हानिकारक ठरले आहे.
५) संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात तरी नकार कळविणारे नियम ठेवावेत, प्रत्येक नियमाचे प्रयोजन लिहून ठेवावे आणि बदल केल्यावर बाहेरून चाचणी घ्यावी.

महाविद्यालयाच्या सर्व्हरची जबाबदारी अनेकदा अध्यापन सांभाळून एखाद्या प्राध्यापकाकडे येते आणि काही वर्षांनी ती दुसऱ्याकडे जाते. मागे राहतात ते केवळ नियम. ते का लिहिले गेले हे कोठेही नोंदविलेले नसेल, तर नवा माणूस ते एक तर जपून ठेवतो किंवा पुसून टाकतो. दोन्ही कृती अज्ञानातून होतात. फायरवॉलची नियमावली हा संस्थेचा दस्तऐवज समजून तिचा इतिहास तिच्यासोबत लिहून ठेवणे, हा या अभ्यासातून निघणारा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.